पालथा म्हातारा

सत्यभामेचा सासरा अंगणात पालथा पडला होता आणि ती त्याच्या पाठीवर धुणं आपटत होती.

घाबरू नका. सासरा जाऊन कैक वर्षं झाली होती. पडला होता तो त्याचा दगड. अजिंठ्याच्या डोंगराखाली आंबेदऱ्याची भिलाटी आहे. तिथल्या भिल्लांत माणूस गेला की त्याचं चित्र दगडावर कोरून घेतात, साऱ्या सोयऱ्यांना जेवू घालतात आणि त्याच दिवशी दगड उभा करतात. दगड उभा राहिला की माणूस मार्गी लागला. तोवर दगड तोंड खाली करून अंगणात ठेवायचा आणि उलटायचा तो एकदाच, उभा करताना. सासऱ्याचा, मोतीरामबाबाचा दगड कोरून आणला, पालथा ठेवला, आता जेवण तेवढं घालायचं, तर त्या साली पाऊस गेला. पुढच्या साली आला तो ऐन वेचणीच्या टायमाला, कापसाची पार वाट लावून. त्याच्या पुढं टँकर सुरू झाले. म्हातारा राहिला पडून.

सत्यभामेला मात्र तो असाच सोयीचा पडला होता. सासरा जिता असेपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. भिलाटीत सून सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि तोंड उघडत नाही. काही सांगायचं झालं तर दारातल्या शेळीला सांगायचं. ‘ए शेळे, भाकरी झाली म्हणावं.’ म्हातारा पण शेळीलाच उत्तर द्यायचा, ‘शेळे, कालवणात मीठ नव्हतं म्हणावं काल.’ अशी त्या दोघांची उभी हयात शेळीमार्फत गेली. पण पालथ्या दगडाला कुठलं आलंय तोंड? त्याच्यापुढं कसला पदर? टँकरचं दोन बादल्या पाणी आणायचं, पदर कमरेला खोचायचा आणि पिळा आपटत आपटत सगळं ओकायचं.

“मामा, तुमच्या लेकाला अक्कल नाय. मुकादमानं ऐतवारी बोलावलं, हा गेला. नाय म्हणाया जीभ जड होती त्याची.” धप्प. “मामा, तुमचा जावई फुगून बसलाय. आपल्या घरचं पाणी पेत नाय.” धप्प. “मामा, आता उठा तरी. सायलीची हळद आडली हो तुमच्यापायी.”

हे शेवटचं खरं दुखणं होतं. सायली तिची एकुलती लेक. वैजापूरकडचा मुलगा ठरला होता, कांद्याच्या पिकअपवर ड्रायव्हर, सोन्यासारखा. पण घरात म्हातारा पालथा पडलेला असताना हळद कशी लावणार? मुलाच्या बापानं स्पष्ट सांगितलं, “दिवाळीपस्तोर वाट बघतो. मंग आमी दुसरीकडं बघू. आमचा पोरगा काय म्हतारा व्हईस्तोर थांबंल?”

टँकरपाशी बायका टोचायच्या त्या वेगळ्याच. “सत्यभामे, सासऱ्याची पाठ चोळून झाली का गं?”

ती घागर डोक्यावर घ्यायची आणि गप निघायची. टँकरपाशी कुणाच्या तोंडी लागलं तर पुढच्या खेपेला पाईप हातात येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता दगडाच्या तोंडाकडच्या बाजूला काय होतं, तेही सांगून टाकतो. भिलाटीतले बाकीचे सगळे म्हातारे घोड्यावर. हातात तलवार, ऐटीत. मोतीरामबाबानं मरताना लेकाचा, बन्सीचा हात धरून सांगितलं होतं, “घोडा नगं. घोड्याला मी भेतो. मला रोलरवर बसीव.”

म्हाताऱ्याचा जन्म सडकेच्या कामावर गेला होता. रोलरच्या पुढं लाल झेंडी घेऊन चालायचं, हे त्याचं काम. अजिंठ्यापासून शहरापर्यंत जेवढ्या सडका झाल्या, तेवढ्या त्यानं रोलरपुढं पायी चालून काढल्या. डांबराचा चटका तळपायाला, धुरळा तोंडात. रोलरवर गादी, वर छत्री. ड्रायव्हरनं एकदा, एकदासुद्धा त्याला वर बसू दिलं नाही. पाथरवटानं ऐकून आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाला, घोड्याच्या पायापरीस चाकं सोपी. आणि कोरला म्हातारा रोलरवर.

*

श्रावण लागला होता आणि त्यातून अधिकाचा. आभाळ कोरडं ठक्क. कपाशी गुडघ्याएवढी होऊन तिथंच थांबली होती, खुरपणीचं काम कुणाकडं नव्हतं. अशा एका सकाळी सत्यभामा सासऱ्यावर गोधडी आपटत होती, आणि वाटेवर धुरळा उडवत पांढरी गाडी आली.

गाडीतून उतरले ते व्यंकटराव सर. बँकेतून रिटायर झालेले, क्रांती चौकापाशी फ्लॅट, डोक्यावर उन्हाची टोपी. शहरात त्यांनी ‘आदिम संस्कृती संवाद मंडळ’ काढलं होतं. त्यांच्यामागून पद्मजाताई उतरल्या, मंडळाच्या सेक्रेटरी. गोड बाई. उतरल्या उतरल्या त्यांनी शेळीलाही नमस्कार केला.

सरांची नजर दगडावर गेली आणि ते जागच्या जागी थांबले.

“पद्मजाताई! स्मृतिशिळा! मी म्हटलं नव्हतं? अहो, पण या बाई हिच्यावर कपडे धुतायत!”

“त्यांच्या पाठीला आराम पडतो,” सत्यभामा म्हणाली.

सर दगडाभोवती फिरले. हात पाठीमागं बांधलेले, मान तिरकी. “याच्या पुढच्या बाजूला घोडेस्वार असणार. असतोच. वीरपुरुष, अश्वारूढ. बरोबर ना?”

हे त्यांनी बन्सीला विचारलं. बन्सी शहरात बिल्डिंगच्या स्लॅबवर सळई बांधायला जायचा, त्या दिवशी खाडा म्हणून घरी होता. तो मऊ माणूस. त्याला आयुष्यात ‘नाय’ म्हणता आलं नाही.

“व्हय,” बन्सी म्हणाला.

“तलवार आहे?”

“व्हय.”

सत्यभामेच्या हातातला साबण सुटला. ती तोंड उघडणार, एवढ्यात सर म्हणाले, “मग ठरलं. नऊ ऑगस्ट, आदिवासी दिन. दरवर्षी आपण हॉलमध्ये करतो, टाळ्या वाजतात, चहा होतो, संपलं. या वर्षी थेट इथं! शहरातून दोन बस भरून माणसं आणू. शिळेचं उत्थापन करू. स्मरण, जागर, आणि दुपारी सगळ्यांना जेवण. जेवणाचं मंडळ बघेल.”

जेवण हा शब्द कानात पडला आणि सत्यभामेनं उघडलेलं तोंड मिटलं. साबण उचलला, पदराला पुसला, आणि म्हणाली, “च्या घेता का?”

गाडी गेल्यावर तिनं नवऱ्याला धरलं. “घोडा? कुठला घोडा? तुव्हा बाप कव्हा बसला व्हता घोड्यावर?”

“ते सर लई आनंदात व्हते,” बन्सी म्हणाला. “मन मोडू वाटंना.”

“आन् दगड उभा ऱ्हायल्यावर त्यांचं काय मोडंल?”

बन्सीनं खूप विचार केला. “पाथरवटाला बोलवू. चाकाला चार पाय काढता येतील का, इचारू.”

“मामाला उलटं केल्याबिगर पाय कुठून काढतो? पाठीतून?”

दगड उलटायचा तर एकदाच. ही वाट बंद. शेवटी दोघं भगताकडं गेले. कडुबा भगत भिलाटीतला सगळ्यात म्हातारा. मेलेल्यांचा कायदा त्याच्या तोंडी. तो बाजेवर पडून विडी ओढत होता. दुसऱ्याच्या जेवणावर म्हातारा उभा राहील का, एवढंच सत्यभामेनं विचारलं. घोड्याचं ती बोलली नाही.

कडुबानं धूर सोडला. “धान कुणाचं का आसंना. पर चुलीत पहिला जाळ घरच्या बाईचा. कढईत पहिली मूठ घरच्या पिठाची. आन् जेवाया बसणाऱ्या दर माणसाला घरच्यानं तोंडानं बोलावलं पायजे, मोतीरामच्या जेवणाला या म्हणून. तसं झालं तर जेवण मोतीरामचं.”

“बकरं नाय मिळायचं. त्या ताई म्हणत्या, अधिक महिन्यात वशाट चालत नाय.”

“मंग दगडाच्या खड्ड्यात सुकटाची मूठ टाक. मोतीराम समजून घीन. दारूची धार तेवढी पायजे, म्हव्हाची. आन् याद ठीव, उभा करताना दगडाला पहिला हात जावयाचा. ज्याचा पहिला हात, तो जावई. मागं लखूच्या दगडाला ट्रॅक्टरवाल्या मेहबूबनं मदत म्हणून पहिला हात लावला. बसला ना जावई होऊन! आजून दर आखाजीच्या सणाला जेवाया येतो, धोतरजोडी घेऊन जातो. नमाज पढून येतो, वर वाढा म्हणतो.”

आणि जावई तर फुगलेला.

*

मोतीरामबाबाच्या जावयाचं नाव काकासाहेब. नाव भारी, पण काम पाटलाच्या गोठ्यातलं. त्याचा मूळ रुसवा सासरा पालथा ठेवल्याचा. त्यात अधिक महिना आला. पाटलाच्या जावयाला अधिकाचं वाण म्हणून अनारशांचं ताट आणि कपडे मिळालेले त्यानं गोठ्याच्या दारातून बघितले होते. भिलाटीत असली रीत कधी नव्हती. पण एकदा डोक्यात बसलं ते बसलं.

सत्यभामा बोलवायला गेली तेव्हा तो शेण भरत होता. पाठ वळवूनच म्हणाला, “पाटलाच्या जावयाला अनारसं. आमाला काय? नुस्ता दगड उचलाया बलावता व्हय?”

“भाऊजी, तेवढं उभं करून द्या. मंग काय पायजे ते करते.”

“आधी अनारसं.”

तिला वाटलं, शेणाची पाटी घ्यावी आणि याच्या डोक्यात पालथी करावी. पण सायली डोळ्यापुढं आली. “करते,” ती म्हणाली. अनारसं खायचं असतं की नेसायचं, हेही तिला नीट माहीत नव्हतं.

मग खड्डा. नवराबायकोनं बांधावर जागा धरली आणि खणायला घेतलं. वर बोटभर माती, खाली मुरूम, पावसावाचून नुसता लोखंड झालेला. बन्सी पहार मारायचा, पहार उसळून परत यायची, खांद्यापर्यंत झिणझिण्या. सत्यभामा घमेल्यानं उपसायची. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर घाम चरचरला. सांजेला दोघं खड्ड्यात पाय सोडून बसले तेव्हा खड्डा गुडघ्याएवढाही झाला नव्हता.

“आपल्या बाबानं जलमभर खडी दाबली,” बन्सी धापा टाकत म्हणाला. “हे बी त्यानंच दाबलं वाटतं.”

सत्यभामेला हसू आलं. इतकं की कळ येऊन तिनं पोट धरलं. पुष्कळ दिवसांनी दोघं असे हसले होते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मांडववाले आले, पाठोपाठ पद्मजाताई बॅनर घेऊन आल्या. लाल काठाचा भला मोठा कापडी बॅनर. त्यावर दोन पायांवर उभा राहिलेला घोडा आणि वर एक मिशाळ गडी, छाती पिंपाएवढी. खाली लिहिलेलं: वीर मोतीराम.

बन्सीनं चित्राच्या तोंडावर बोट ठेवलं. “बाबाला मिशा नव्हत्या,” तो हळूच म्हणाला.

सत्यभामेला राहवेना. कितीही झालं तरी बाई चांगली होती. तिनं येताना सायलीसाठी बांगड्या आणल्या होत्या. “ताई, एक सांगू का? त्या घोड्याचं...”

“अहो, घोड्यामुळंच तर सगळं जमलं!” पद्मजाताईंनी तिचे दोन्ही हात धरले. फोड दुखले. “मंडळात निम्मे लोक म्हणत होते, एवढ्या लांब उन्हात कशाला? सरांनी घोडेस्वाराचं सांगितलं आणि सगळे तयार झाले. नसता तर बसच रद्द झाल्या असत्या बघा. काय म्हणत होता तुम्ही?”

“काय नाय,” सत्यभामा म्हणाली. “घोडा चांगला काढलाय.”

त्या दिवशी धुणं नव्हतं, तरी ती दगडापाशी जाऊन बसली. “मामा,” ती कुजबुजली, “उद्या माझी लाज तुमच्या हातात हाये. काय बी करा, पर ही माणसं जेवल्याबिगर जाऊ देऊ नका.”

*

नऊ ऑगस्टला पहाटेच गड्यांनी दगड तसाच पालथा ओढत बांधावर, खड्ड्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. मग दोन्ही बस आल्या. सत्यभामा पहिल्या बसच्या दारात उभी राहिली, लुगडं ठेवणीतलं, पदर डोक्यावरून. उतरणाऱ्या दर माणसाला हात जोडून म्हणायची, “मोतीरामबाबाच्या जेवणाला या.”

माणसं गोंधळली. एका चष्मेवाल्यानं विचारलं, “मोतीराम कोण? आमदार का?”

“मव्हा सासरा. जेवणाला या.”

“बरं, येतो.”

ती ‘येतो’ ऐकल्याशिवाय पुढच्याला उतरू देईना. रांग तुंबली. मागून ड्रायव्हर ओरडला, “क्या भाभी, पूरा दिन यहींच निकालते क्या? उतरने दो ना उनको!”

“तुमी बी या भाऊ, मोतीरामबाबाच्या जेवणाला.”

ड्रायव्हर विरघळला. “आता ना भाभी, जरूर आता.”

तिथून ती धावत आचाऱ्याकडं गेली. आचारी शहरातला, त्यानं काडी ओढलीच होती. तिनं हातानं काडी विझवली, स्वतःची ओढली, लाकडाला लावली. मग कढईत बाजरीच्या पिठाची मूठ टाकली.

“अहो बाई, हा शिरा आहे! साजूक तुपातला!”

“आसू द्या. मामाला बाजरीच लागती.”

खड्ड्यात सुकट गेलं. कडुबानं मोहाच्या दारूची धार सोडली. वाऱ्यासरशी वास मांडवात आला. पद्मजाताईंनी डोळे मिटून श्वास घेतला. “सर, कसला हो हा सुगंध? रानफुलांचा ना?”

“व्हय,” बन्सी म्हणाला. या वेळी मात्र ते खरं होतं. मोहाची फुलंच ती, थोडी पुढं गेलेली.

वैजापूरचे पाव्हणे बाजेवर बसले होते, मुलाचा बाप मांडी ठोकून, सगळं बघत. काकासाहेबही आला होता. पण मांडवात नाही. लांब लिंबाखाली, तोंड डोंगराकडं करून. सत्यभामेनं त्याच्यापुढं ताट धरलं. पद्मजाताईंना विचारून तिनं अनारसं केलं होतं. तांदूळ भिजवून, गूळ घालून, जमलं तसं. कढईत ते विरघळून त्याची लापशी झाली होती.

काकासाहेबानं ताटाकडं बघितलं. “हे अनारसं नाय.”

“भाऊजी, माणसं खोळंबली हो.”

“पाटलाच्या घरी जाळी पडली व्हती त्याला. ह्याला जाळी कुठंय?”

ती ताट घेऊन परत आली. तिकडं व्यंकटराव सरांचं भाषण संपत आलं होतं. “आपण विसरलो, पण दगड विसरत नाही!” टाळ्या. कडुबानं दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि जावयाची वाट बघत गप्प उभा राहिला. बन्सी घाम पुसत उभा. भिलाटीतली माणसं उभी. कोणी हलेना.

सरांना वाटलं, सगळे आपल्यासाठीच थांबलेत.

ते स्टेजवरून उतरले. बाह्या वर केल्या. सत्यभामा ओरडली, “सर, हात नका...” पण सरांनी खाली वाकून, दोन्ही हातांनी, भक्तिभावानं दगड धरला होता.

आणि भिलाटीतल्या बायांनी जो गलका केला! शिट्ट्या, टाळ्या, हसू. कडुबानं खांद्यावरचा पटका काढला आणि टोपी उडवून सरांच्या डोक्याला गुंडाळला. बाया जावयाची गाणी म्हणायला लागल्या, ज्यात जावयाच्या नाकापासून चालीपर्यंत सगळ्याचा उद्धार असतो. ‘जावई आला गं, पोट पुढं गं, सासूबाई चौकट काढा गं.’

“हे काय चाललंय?” सर पटक्याखालून म्हणाले. “हे पारंपरिक आहे ना?”

“लई पारंपरिक,” कडुबा म्हणाला. “तुमी जावई झाले मोतीरामचे.”

लिंबाखाली काकासाहेबाची मान वळली. पटका दुसऱ्याच्या डोक्यावर, गाणी दुसऱ्याच्या पोटावर! तो उठला आणि असा पळत आला की वाटेतल्या दोन खुर्च्या पडल्या. “ओ! ओ टोपीवाले! जावई मी हाये! सरका!” त्यानं सरांच्या शेजारी खांदा घातला. बन्सीनं दुसरीकडून पहार लावली. कडुबानं हाळी दिली, आणि कैक वर्षं पालथा पडलेला मोतीरामबाबा करकरत, माती सांडत उठला, खड्ड्यात उतरला, आणि शहराकडं तोंड करून उभा राहिला.

रोलरवर. पुढचं मोठं चाक, मागची दोन, वर छत्री, आणि छत्रीखाली बिनमिशांचा म्हातारा, दोन्ही हात स्टेअरिंगवर, दात दाखवत हसणारा.

बॅनरवरचा घोडा वाऱ्यानं फडफडला. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, “अरे, हा तर रोलर आहे!” कुठं तरी फिसकन हसू फुटलं. मोबाईल वर झाले. पद्मजाताईंनी तोंडावर हात ठेवला. व्यंकटराव सरांनी एकदा बॅनर बघितला, एकदा दगड, मग बन्सीकडं वळले. पटका घसरून भुवईवर आला होता.

“घोडा?” ते म्हणाले. “तुम्ही व्हय म्हणाला होता.”

बन्सीनं मान खाली घातली. मुलाचा बाप बाजेवरून अर्धवट उठला. सत्यभामेला दिसलं, आता ही माणसं न जेवता बसमध्ये बसली की म्हातारा उभा राहूनही पडल्यासारखाच, आणि पोरीची हळद गेली. समोर सासऱ्याचं तोंड होतं. तिनं पदर नाकापर्यंत ओढला, आणि त्याच्यापुढं जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

“बोला ते मला बोला. लबाडी मव्हीच. जेवणाच्या लालचीनं गप बसले. पर मामा काय लबाड नव्हते. तुमी ज्या सडकेनं आले ना बसमधी बसून, ती त्यांनी रोलरपुढं पायी चालून केली. हातात झेंडी, पायाला डांबर. शेहराकडच्या साऱ्या सडका. ड्रायव्हरला म्हणायचे, एकदा बसू दे रं. नाय बसू दिलं. कव्हाच नाय. म्हणून मेल्यावर तरी बसीवलं. त्यात काय चुकलं?”

चष्मेवाल्यानं वर धरलेला मोबाईल खाली घेतला.

सरांनी घसा खाकरला. “अहो, पण मी सगळ्यांना घोडेस्वार...”

“जावईबापू,” सत्यभामा पदराआडून म्हणाली, “सासऱ्याच्या गाडीला नावं ठेवायची नसत्यात.”

पहिली हसली ती भिलाटी. मग बसचा ड्रायव्हर. मग पद्मजाताई, डोळ्यात पाणी येईपर्यंत. सर तसेच उभे होते. त्यांनी पटका नीट केला, दगडापाशी गेले, रोलरच्या मोठ्या चाकावरून बोट फिरवलं.

“एकदाही नाही बसू दिलं?”

“नाय.”

“हरामखोर,” सर म्हणाले. मंडळाच्या माणसांनी त्यांच्या तोंडून हा शब्द आधी कधी ऐकला नव्हता. मग ते माईककडं गेले, कागद घडी करून खिशात घातला. “मित्रहो, माझी चूक झाली. हे घोडेस्वार नाहीत. हे रोलरस्वार मोतीराम. माझे सासरे. कोणीही जेवल्याशिवाय जायचं नाही.”

पंगत बसली. पहिल्या पाटावर दोन जावई शेजारी शेजारी. सरांच्या पानात शिऱ्याचा डाव पडला की काकासाहेब स्वतःच्या पानाकडं बोट करायचा. जाळी न पडलेलं अनारसं त्यानं दोनदा मागून घेतलं. शिरा बाजरीचा जरा खरखरीत लागतो, असं पद्मजाताईंचं म्हणणं पडलं, पण पान त्यांनी पुसून खाल्लं. आणि मुलाच्या बापानं हात धुता धुता बन्सीला सांगितलं, “तुळशीची लग्नं झाली की तारीख धरू.”

“व्हय,” बन्सी म्हणाला. सत्यभामेला नवऱ्याचा तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा गोड लागला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामा सवयीनं बादली घेऊन अंगणात आली. अंगणात दगडाच्या मापाचा ओलसर चौकोन तेवढा होता, त्यात दोन-तीन गोमा पळत होत्या. ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग धुणं काखेला मारून बांधावर गेली.

म्हातारा उन्हात हसत उभा होता. त्याच्यापुढं काठी रोवलेली, काठीला लाल चिंधी. बॅनरचा लाल काठ बन्सीनं फाडला होता. रोलर म्हटला की पुढं झेंडी पाहिजेच.

“मामा, रातभर मी...” एवढं म्हटलं आणि तिची नजर त्याच्या नजरेला लागली. जीभ जागीच थबकली. हात आपोआप वर गेला, पदर डोक्यावर आला. म्हातारा आता उभा होता. समोर होता. त्याच्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नव्हतं.

केवढं सांगायचं होतं तिला. सायलीची तारीख, काकासाहेबाचं पळणं, सरांनी रोलरच्या ड्रायव्हरला दिलेली शिवी. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, तोच हातचा गेला, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. तिनं आजूबाजूला शेळी शोधली. “ए शेळे, मामाला म्हणावं...” पण शेळी बांधापलीकडं बाभळीच्या शेंगा खात होती, तिला कोणाच्या घरच्या गोष्टीत रस नव्हता.

सत्यभामेनं डोळे पुसले. बादली उचलली. दगडाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. तीच पाठ, तिच्याच धुण्यानं गुळगुळीत झालेली, साबणाचे पांढरे ओघळ अजून तसेच. ती पाठीला लागून खाली बसली, पदर काढून कमरेला खोचला, पिळा पाण्यात बुडवला.

“तर काय सांगत व्हते मी, मामा,” ती म्हणाली, आणि पहिला पिळा धप्पकन आपटला.